सिस्टरांचे तीन प्रश्न

बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्यापासून थोड्या अंतरावर बालाघाटाच्या डोंगरात कपिलधारची दरी आहे. पावसाळ्यात धबधबा पाहायला लांबलांबून माणसं येतात. आम्हा लिंगायतांसाठी मात्र ते मन्मथस्वामींचं ठिकाण. स्वामींची समाधी तिथे आहे. कार्तिकी पौर्णिमेला गावोगावच्या दिंड्या पायी येतात आणि दरीत ‘गुरुराज माऊली’चा गजर चालतो. माझं माहेर त्याच परिसरातलं. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, स्वामींच्या ‘परमरहस्य’ पोथीचं वाचन कधी चुकवलं नाही. अशा घरातल्या मुलीला प्रार्थना कशी करायची हे वसईच्या एका कॅथलिक सिस्टरांनी शिकवलं. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण आपलं नाव कुठे छापून यावं असं त्यांना कधीच वाटलं नाही. पण ऋण लिहून ठेवायला हवं.

लहानपणी पोथी वाचायला अप्पा मलाच बसवायचे. माझे उच्चार स्वच्छ होते आणि ओव्या मी भरभर म्हणायचे. अध्याय लवकर संपला की मला शाबासकी मिळायची. गुरू, लिंग, जंगम, विभूती, रुद्राक्ष, मंत्र, पादोदक, प्रसाद ही अष्टावरणं मला झोपेतून उठवलं तरी सांगता आली असती. त्यांचा माझ्या जगण्याशी काही संबंध असेल हे मात्र कधी मनात आलं नाही. प्रार्थना म्हणजे मागणं, एवढंच मला कळत होतं. पाऊस पडू दे, पेपर सोपा जाऊ दे, भावाला नोकरी लागू दे. मागितलेलं मिळालं नाही तर आपलंच सोवळंओवळं कुठेतरी चुकलं असणार, अशी भीती असायची.

१९९०च्या सुमारास नर्सिंग शिकायला मी नगर जिल्ह्यात सिस्टरांच्या दवाखान्यात आले. निघताना आत्या रडल्या होत्या. तिथे पोरीच्या गळ्यातलं लिंग काढून घेतील, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी वॉर्डाच्या सिस्टरांचं लक्ष माझ्या गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीकडे गेलं. “युनिफॉर्मच्या आत नीट बांध गं. जखम धुताना पुढे लोंबायला नको,” त्या म्हणाल्या. त्यापुढे कितीतरी वर्षांत या विषयावर त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

सिस्टर साठीकडे झुकलेल्या होत्या. लहानपणी त्यांनी वसईच्या चर्चमध्ये मिस्सा लॅटिनमध्ये ऐकली होती. वेदीकडे तोंड करून फादर काय म्हणतात, हे बायकांना कळायचं नाही. मग त्या आपल्या जपमाळ ओढत बसायच्या. १९६२ ते १९६५ या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि लोकांच्या भाषेत उपासना करायची मोकळीक मिळाली. प्रत्येक श्रद्धावंताने बायबल हाती घ्यावं, असंही परिषदेने सांगितलं. सिस्टर तेव्हा ऐन तारुण्यात होत्या. मराठीतून पहिल्यांदा ऐकलेल्या वाचनाबद्दल त्या सांगायच्या तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. आपली भाषा आयती मिळालेल्या मला त्या आनंदाचं मोल तेव्हा समजलं नाही.

रोज सकाळी चॅपलमधून आल्यावर त्या एका जाड वहीत तारीख, त्या दिवसाच्या वाचनाचा संदर्भ आणि खाली दोन-चार ओळी लिहायच्या. वाचन त्यांनी निवडलेलं नसायचं. १९६९ साली ठरलेल्या क्रमाप्रमाणे कॅथलिक चर्चमध्ये रोजची वाचनं नेमलेली असतात. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं. सणाउपासाचे काळ सोडून उरलेल्या ‘सामान्य काळा’तल्या इतर दिवशी शुभवर्तमान दरवर्षी त्याच क्रमाने येतं, आधी मार्क, मग मत्तय, मग लूक. पहिल्या वाचनाचं चक्र तेवढं दोन वर्षांचं असतं. वसईत, नगरला, रोमला त्या दिवशी तेच वाचतात. मला हे फार आवडलं. आपल्या मनाला येईल तो भाग काढायचा नाही, जो समोर येईल त्याच्यापुढे बसायचं. सुखाच्या दिवशी दुःखाचं वाचन येतं, रागाच्या दिवशी क्षमेचं येतं आणि त्यापासून पळता येत नाही.

वाचून झालं की त्या आम्हा मुलींना तीन प्रश्न विचारायच्या. इथे काय घडलं? त्यातलं तुला काय लागलं? आज वॉर्डात त्याचं काय करायचं? पुढे मला कळलं की मठांमधून वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं शांत बसणं अशी शेकडो वर्षांची रीत आहे, बाराव्या शतकातल्या गिगो नावाच्या साधूने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत. सिस्टरांनी गिगोचं नाव घेतलेलं मला आठवत नाही. तिसऱ्या प्रश्नाला “सगळ्यांवर प्रेम करायचं” असं उत्तर दिलेलं त्यांना चालायचं नाही. कोणत्या खाटेवरच्या माणसावर, कसं, ते सांगावं लागायचं.

एका नोव्हेंबरात मला कार्तिकी पौर्णिमेची सुट्टी मिळाली नाही. कपिलधारची वारी चुकली म्हणून मी दिवसभर कुणाशी बोलले नाही. ऊसतोडीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. बीड जिल्ह्यातल्या टोळ्या कारखान्यांवर आल्या होत्या. एका बाईच्या पायावर कोयता बसला होता, तिला आणलं. गाव विचारलं तर आमच्या बाजूचीच निघाली. फडक्यात बांधलेला पाय, त्यावर माती, पाचटाचा भुसा आणि वाळलेलं रक्त. टाचेच्या भेगा इतक्या खोल की त्यात चिखल बसून काळा झाला होता. सिस्टरांनी स्टूल ओढलं, तो पाय मांडीवर घेतला आणि कोमट पाण्याने फडकं भिजवत राहिल्या. ओढलं असतं तर दोन मिनिटांत निघालं असतं. त्यांनी ते आपोआप सुटेपर्यंत वाट पाहिली. मग टाचेची एकेक भेग कापसाने पुसली. जखम दुसरीकडे होती, भेगांशी तिचा काही संबंध नव्हता. बाई सारखी पाय मागे घेत होती. “नका हो बाई, तुमी नका हात लावू,” म्हणत होती. सिस्टर म्हणाल्या, “माझ्या देवानं शिष्यांचे पाय धुतले, मग मी कोण?”

योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात ती गोष्ट आहे. पकडला जाण्याआधी त्याच रात्री येशू जेवणावरून उठतो, कमरेला पंचा गुंडाळतो आणि शिष्यांचे पाय धुतो. पेत्र नको नको म्हणतो, त्या बाईसारखाच. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी चर्चमध्ये हे वाचतात आणि फादर लोकांचे पाय धुतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली निवडून आल्यावर काही दिवसांतच रोमच्या बालसुधारगृहात जाऊन कैदी मुलामुलींचे पाय धुतले, ती बातमी वाचताना मला तो वॉर्ड आठवला होता.

त्याच आठवड्यात लूकमधली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट वाचनाला आली. बरे झाले दहा, आभार मानायला परत आला एकटाच, आणि तो शोमरोनी, म्हणजे परका. सिस्टरांनी तीन प्रश्न विचारले. मी गप्प. वारी चुकली म्हणून मी रुसले होते आणि माझ्याच मुलखातल्या बाईचे पाय दुसरं कुणी धुतलं होतं. त्या रात्री मी पहिल्यांदा काहीही न मागता देवापुढे बसले.

दिवस संपताना काय करायचं तेही सिस्टरांनीच शिकवलं. लोयोलाच्या संत इग्नेशियसने सोळाव्या शतकात घालून दिलेली ही सवय. त्यात चुका मोजायला आधी घ्यायच्या नसतात. आधी दिवसभरात काय मिळालं त्याचे आभार, मग चुका. हा क्रम त्यांनी मला कधी मोडू दिला नाही. देव प्रेम करतो ते आपण चांगले झालो म्हणून नव्हे, ते आधीपासूनच आहे. आपण उशिरा जागे होतो, एवढंच. योहानाच्या पहिल्या पत्राचा हा आशय त्या साध्या शब्दांत सांगायच्या. सोवळ्याओवळ्याच्या भीतीत वाढलेल्या मला तो पचायला बरीच वर्षं लागली.

वसईहून सिस्टरांना ‘सुवार्ता’ मासिक यायचं. १९५५ पासून निघणाऱ्या या मासिकाचे तेव्हाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो. सिस्टर वाचून झालेला अंक माझ्या टेबलावर ठेवायच्या. प्रार्थना आणि वसईची हिरवी जमीन वाचवण्याची चळवळ एकाच माणसाच्या हातून कशी होते, हे मला त्या अंकांतून दिसलं. फादर ज्ञानोबा-तुकोबांविषयी इतक्या जिव्हाळ्याने लिहायचे की आपल्या घरातलं आपण वाचलेलंच नाही, याची मला लाज वाटायची. गोव्यात १६१६ साली छापलं गेलेलं फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ही ओवीबद्धच आहे, हे सिस्टरांकडून कळलं. मग त्यांनी विचारलं, “तुमच्या स्वामींच्याही ओव्याच ना? एक वाचून दाखव आणि अर्थ सांग.” मला अर्थ सांगता आला नाही. “पुढच्या सुट्टीत पोथी घेऊन ये,” त्या म्हणाल्या.

ती पोथी खऱ्या अर्थाने उघडली अप्पांच्या शेवटच्या आजारपणात. त्यांना बसवत नव्हतं, म्हणून मी उशाशी बसून वाचायचे. पाच ओव्या वाचल्या आणि थांबले. “का गं, अध्याय संपला?” “नाही अप्पा. आज इतकंच.” सिस्टरांचा पहिला प्रश्न विचारला, मग दुसरा. अप्पा बराच वेळ आढ्याकडे पाहत राहिले. मग बोलायला लागले. आयुष्यभर पोथी वाचलेल्या माझ्या वडिलांनी त्यातलं आपल्याला काय वाटतं हे मला तोवर कधी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. एके दिवशी पादोदकाचा विषय निघाला. आपल्याकडे गुरुचरणांचं तीर्थ भक्त घेतो. मी त्यांना योहानातली गोष्ट आणि त्या ऊसतोड बाईची हकिकत सांगितली. “गुरूनंच पाय धुतले म्हणतेस?” त्यांनी दोनदा विचारलं. जंगम म्हणजे हिंडता गुरू. दुसऱ्या दिवशी अप्पा आपण होऊन म्हणाले, “जंगमाची सेवा सेवा म्हणतो आपण. तोडीला जाणारे काय कमी जंगम आहेत? वर्षातले सहा महिने हिंडतेच आहेत की.” अप्पांशी इतकं मोकळं बोलणं मला त्या शेवटच्या महिन्यांतच मिळालं, आणि ते सिस्टरांमुळे मिळालं.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष फादर दिब्रिटो. निवडीला काहींनी विरोध केला होता. त्याच आठवड्यात योहानाच्या पहिल्या पत्राची वाचनं होती: देवावर प्रेम आहे म्हणणारा भावाचा द्वेष करत असेल तर तो खोटं बोलतो, असं सांगणारी. पाठीच्या दुखण्याने बेजार असूनही फादर आले होते. मी मंडपात लांब बसले होते. भेटायला गेले नाही. मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला.

दोन-अडीच महिन्यांत कोविड आला. तेव्हा मी सरकारी दवाखान्यात होते. २७ मार्चला व्हॅटिकनच्या रिकाम्या, पावसाने भिजलेल्या चौकात एकटे उभे राहून पोप फ्रान्सिस मार्कमधल्या वादळाच्या गोष्टीवर बोलले. नाव बुडायला आली आहे, शिष्य ओरडताहेत आणि येशू मागे उशीवर डोकं ठेवून झोपला आहे. आम्ही पीपीई किट चढवायच्या आधी दोघी-तिघी ते वाचन वाचायचो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा रोज ठरलेलं असायचं: खिडकीजवळच्या आजोबांच्या मुलाला फोन लावून द्यायचा, कोपऱ्यातल्या बाईंची वेणी घालून द्यायची.

सिस्टर आता नाहीत. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. त्यांचं ‘सुबोध बायबल’ माझ्या देवघरात परमरहस्याशेजारी आहे. मी लिंगपूजा करते, कपाळाला विभूती लावते आणि त्यानंतर त्या दिवशीचं नेमलेलं वाचन काढते. माझ्या सुनेला सुरुवातीला याचं नवल वाटायचं, आता तीच कधी कधी पान काढून ठेवते.

कार्तिकीला आम्ही काही निवृत्त परिचारिका कपिलधारला प्रथमोपचाराचं टेबल लावतो. चालून आलेल्यांच्या पायाला फोड आलेले असतात, काटे मोडलेले असतात, कुणाला चक्कर येते. काम सुरू करण्याआधी नर्सिंगच्या मुलींना मी स्वामींच्या चार-पाच ओव्या वाचायला लावते आणि तेच तीन प्रश्न विचारते. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, “मॅडम, हे प्रश्न परमरहस्यात कुठे आहेत?” मी म्हटलं, परमरहस्यात नाहीत, हे वसईच्या एका कॅथलिक सिस्टरांचे आहेत. तेवढ्यात एक आजोबा टेबलाशी येऊन बसले आणि त्यांनी चप्पल काढली. मी तिला पाणी कोमट करून आणायला सांगितलं.