मागची पेटी

मोटारसायकलीवर बसून लांबच्या प्रवासास निघणारा मनुष्य स्वभावतःच विरक्त असला पाहिजे, असा माझा पुष्कळ दिवस समज होता. आगगाडीच्या उतारूला हमाल लागतो, मोटारीच्या मालकाला डिकी लागते. परंतु ह्या दुचाकी यात्रेकरूला अंगावरचे कपडे, खिशांतले चार पैसे आणि समोरचा रस्ता एवढें पुरेसें असावें. वयाच्या ५३व्या वर्षीं मीं स्वतः ३५० सी. सी. ची एक भारदस्त मोटारसायकल घेतली, आणि पहिल्याच पावसाळ्यांत माझ्या ह्या समजुतीला ओल लागली. रबरी दोऱ्यांनीं मागें आवळून बांधलेली पिशवी शाहूवाडीच्या अलीकडे केव्हां घसरली तें मला कळलेंही नाहीं. परत फिरून पाहतों तों माझ्या वर्गाच्या चाचणीचे पेपर एका डबक्यांत शांतपणें पहुडले होते. त्या दिवशीं विरक्तीचा नाद सोडून मीं पेटी घेण्याचें ठरविलें.

पण खरें कारण तें नव्हे. खरें कारण सांगावयास मला थोडा संकोच वाटतो. लग्नानंतरचीं कित्येक वर्षें आम्ही दोघें एका जुन्या स्कूटरवर सारा जिल्हा हिंडलों. पुढें मुलें झालीं, मोटार आली, आणि स्कूटर गेली. मोटारसायकल घेतांना तीं वर्षें परत येतील अशी माझी मनांतल्या मनांत कल्पना होती. परंतु मधल्या काळांत माझ्या पत्नीच्या पाठीच्या मणक्यांनीं आपलें वय जाहीर केलें होतें. दोन-तीनदां ती मागें बसली, चौथ्या वेळीं म्हणाली, "अहो, तुम्ही जाऊन या. माझ्या पाठीला टेकायला कांहीं नाहीं, आणि तुमच्या पाठीला मी किती वेळ टेकूं?" ती गणिताची शिक्षिका आहे; तिच्या प्रश्नांना उत्तर असतें किंवा नसतें, मधली वाट नसते.

दुकानांत ती पेटी पाहिली तेव्हां मला ह्या प्रश्नाचें उत्तर सांपडल्यासारखें वाटलें. काळी, टणक, पोटांत दोन शिरस्त्राणें मावतील एवढी. आणि पुढच्या अंगाला मऊ गादी, कीं जिच्यावर मागें बसणाराची पाठ अलगद टेकावी. शिवाय ती काढतां-घालतां येणारी! दुचाकीच्या शेपटावर एक चपटी पाटी कायमची बसवावयाची. पेटीची पुढची कड त्या पाटीच्या आंकड्यांत अडकवून मागची बाजू दाबली कीं 'खट्' असा आवाज होतो आणि कुलूप लागतें. मुक्कामाला पोंचल्यावर किल्ली फिरवावी, मूठ धरून पेटी उचलावी आणि घरांत जावें. इंग्रजींत झाडाच्या खोडाला, माणसाच्या धडाला आणि सामानाच्या पेटीला 'ट्रंक' हा एकच शब्द आहे. आजवर मी तो वर्गांत नुसता शिकवीत आलों होतों. धडापासून सुटी होणारी ट्रंक पाहिल्यावर त्यांतली गंमत मला प्रथमच कळली.

ही सोय कांहीं फार जुनी नाहीं. होंडा कंपनीची प्रसिद्ध गोल्डविंग ही मोटारसायकल १९७५ सालीं निघाली ती बिनपेटीचीच. लोक आपापल्या हिकमतीनें तिच्यावर पेट्या चढवूं लागले, आणि १९८० सालीं त्याच कंपनीनें मागची पेटी व दोन्ही बाजूंच्या पेट्या कारखान्यांतूनच बसवून 'इंटरस्टेट' नांवाची आवृत्ति काढली. मधल्या काळांत, १९७८ सालीं, इटलींतील ब्रेशियाच्या परिसरांत जुझेप्पे विसेंझी नांवाच्या एका जुन्या शर्यतपटूनें 'गिवी' ही कंपनी स्थापन केली. पुढें तिच्या पेट्या जगभर गेल्या. आयुष्यभर वाऱ्याशीं स्पर्धा केलेल्या मनुष्यानें अखेर दुसऱ्यांच्या सामानाची चिंता वाहावी, ही गोष्ट मला फार गोड वाटते.

पेटी बसविण्याचें काम एका रविवारीं आमच्या ओळखीच्या कारागिराकडे झालें. पाटी बसवावयाची तर आधीं खालीं लोखंडी कॅरिअर हवा, आणि कॅरिअरसाठीं मागची धरावयाची दांडी काढावयास हवी, असें त्यानें सांगितलें. तेरा नंबरचा पाना घेऊन तो ती काढूं लागला, तोंच माझी पत्नी म्हणाली, "मग मी धरूं कशाला?" मी म्हणालों, "मागें पेटी आहे ना!" त्यावर तिनें मला २०२० सालचा केंद्र सरकारचा नियम ऐकविला. तो तिनें आदल्या रात्रींच वाचून ठेवला होता. दुचाकीवरची पेटी ५५० मिलिमीटरांहून लांब, ५१० हून रुंद आणि ५०० हून उंच असतां कामा नये; ती मागच्या माणसाच्या जागेवर ठेवली तर चालकानें एकट्यानेंच जावें; आणि त्या जागेच्या मागें ठेवली तरच दुसऱ्या माणसाला बसण्याचा अधिकार. शिवाय मागें बसणारासाठीं धरावयास मूठ, पायाला आधार, आणि वस्त्र चाकांत जाऊं नये म्हणून डावीकडे झांकण, हेंही त्याच वेळच्या नियमांत आलें आहे. कारागीर माझ्याकडे पाहून नुसता हंसला आणि त्यानें दोन्ही बाजूंना मुठी असलेला दुसरा कॅरिअर काढला. तो तीनशें रुपयांनीं महाग होता. मीं तो घेतला, पण खरें सांगतों, थोडा कुरकुरत घेतला.

मग बोल्ट, बुश, रबराच्या चकत्या असा संसार मांडला गेला. चार बोल्ट त्यानें कोपऱ्याकोपऱ्यानें थोडे थोडे आवळले. एक पुरा आवळून मग दुसरा घेतला तर पाटी तिरपी बसते, असें त्याचें म्हणणें. शेवटीं हात पुसतां पुसतां तो म्हणाला, "सर, दोनशें किलोमीटर झाले कीं एकदां दाखवायला आणा. नवे बोल्ट बसतात, ढिले होतात. आणि पेटींत काय लिहिलंय तें वाचा." पेटीच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस एक चिठ्ठी चिकटविलेली होती: जास्तींत जास्त वजन ५ किलो. मीं ती वाचली. तीस वर्षें मी परीक्षेच्या आधीं मुलांना सांगत आलों आहें कीं, प्रश्नपत्रिकेवरील सूचना नीट वाचा. परंतु वाचणें आणि मानणें ह्यांत जें अंतर आहे, तें शिकविणाराच्या बाबतींत अधिकच मोठें असतें.

मे महिन्यांत आम्ही रत्नागिरीस निघालों. तेथें माझी सासुरवाडी आहे. कोल्हापूरपासून अंतर सुमारें १३० किलोमीटर. वाटेंत मलकापूर, आंबा, मग घाट उतरून साखरपा. जातांना पेटींत दोघांचे कपडे आणि एक चादर एवढेंच होतें. आंब्याच्या जंगलांत सकाळचा गारवा होता. माझ्या पाठीमागून, बारा-पंधरा वर्षांनीं, जुन्या स्कूटरवर ऐकूं यायचें तें गुणगुणणें ऐकूं आलें. मीं मागें वळून पाहिलें नाहीं. वळलों असतों तर तें थांबलें असतें. आयुष्यांत इतक्या थोड्या पैशांत इतकें मोठें सुख मीं क्वचितच विकत घेतलें असेल.

परतीच्या वेळीं सासूबाईंनीं अंगणांत सामान मांडलें: दोन डझन हापूस, फणसपोळी, आमसुलें, कुळथाचें पीठ, कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या. "पेटी रिकामीच आहे ना?" असें त्यांनीं विचारलें, आणि जांवई ह्या नात्याची प्रतिष्ठा राखणें मला अवश्य वाटलें. झांकण गुडघ्यानें दाबून मीं लावलें. 'खट्' असा आवाज झाला. कुलूप लागलें म्हणजे सारें ठीक आहे असें आपण समजतों.

साखरप्यापासून घाट चढूं लागलों तेव्हां पहिल्याच तीव्र वळणावर हँडल विलक्षण हलकें लागलें. वळवावें त्याहून थोडी उशिरां गाडी वळत होती. दुसऱ्या वळणावर ती रस्त्याच्या मध्यापलीकडे गेली, आणि त्याच वेळीं वरून एक मालमोटार उतरली. तिच्या चालकानें जें म्हटलें तें येथें लिहिण्यासारखें नाहीं, पण त्यांत चुकीचें कांहीं नव्हतें. पाठीमागचें गुणगुणणें थांबलें होतें. घाट संपून सरळ रस्ता लागल्यावर मला धीर आला आणि मीं वेग वाढविला. तेव्हां हँडल थरथरूं लागलें. प्रथम मनगटांत जाणवेल इतकें, मग डोळ्यांना दिसेल इतकें. मीं तें घट्ट आवळलें; थरथर वाढली. ब्रेक दाबावा असें वाटलें, पण कसल्याशा सुबुद्धीनें मीं तो दाबला नाहीं. मूठ हळूहळू सोडीत गेलों, हात सैल केले, आणि गाडी आपली आपण शांत होत रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

दोघेंही कांहीं बोललों नाहीं. तिनें उतरून पेटीला हात लावला. पेटी तिच्या पाटीसकट डावी-उजवीकडे हलत होती. दोनशें किलोमीटर केव्हांच उलटले होते, आणि मीं गाडी दाखवावयास नेली नव्हती. "चिठ्ठीवर किती लिहिलंय?" तिनें विचारलें. मीं सांगितलें. मग ती म्हणाली, "तुम्ही मला विचारायला हवं होतं. पेटी तुमची आहे, पण तिच्या आणि तुमच्या मध्यें मी बसलें आहे."

ह्या वाक्यावर मला कांहींएक बोलतां आलें नाहीं. मीं ती पेटी तिच्यासाठीं घेतली असें मी सर्वांना सांगत होतों. स्वतःलाही सांगत होतों. तिच्या पाठीला आधार म्हणून जी वस्तु मीं आणली, तिच्यांतच माझी बढाई भरून मीं तिचा जीव टांगणीला लावला होता.

आंबा गांवापर्यंत सारें सामान मांडीवर आणि खांद्यावर घेऊन आम्ही अगदीं सावकाश आलों. तेथें रत्नागिरीहून येणारी एस्. टी. मिळाली. २०२३ सालच्या मार्चपासून स्त्रियांना एस्. टी. चें अर्धें तिकीट झालें होतें. तेवढा एक फायदा दाखवून तिनें माझी समजूत घातली, आणि आंब्यांसह ती आंत चढली. मी रिकामी पेटी घेऊन त्या तांबड्या गाडीच्या मागोमाग कोल्हापूरपर्यंत आलों. वाटेंत पुढें जाण्यास जागा कितीदां तरी मिळाली. मी गेलों नाहीं.

रात्रीं तिनें स्वयंपाकघरांतल्या ताणकांट्यावर सामान तोललें. तेरा किलो भरलें. पेटीचें स्वतःचें चार. एका पाकिटाच्या पाठीवर तिनें हिशेब मांडला. पेटीचा मध्य मागच्या चाकाच्या आंसामागें ३०० मिलिमीटर, आणि दोन चाकांतलें अंतर सुमारें १४०० मिलिमीटर. तराजूच्या न्यायानें मागें लोंबणारें हें सतरा किलो वजन पुढच्या चाकावरचा साडेतीन किलोंहून थोडा अधिक भार उचलून धरतें. "हें कांहीं फार नाहीं," ती प्रामाणिकपणें म्हणाली. राहिलेला हिशेब कारागिरानें दुसऱ्या दिवशीं पुरा केला. वजन नुसतें मागें नव्हतें, उंचावरही होतें. चढावर तें आणखी मागें झुकतें. बोल्ट ढिले असल्यानें तें झोंक्यासारखें हलत होतें. आणि दोघें बसणार तर मागच्या चाकांत हवा वाढवावी लागते, ती मीं वाढविली नव्हती. एकेक चूक लहान होती. चारही चुका मात्र एकाच मालकाच्या होत्या.

पेटी विकून टाकावी असें मला त्या आठवड्यांत वाटत होतें. तिनें तें मानलें नाहीं. "पेटीनें काय केलं?" एवढेंच ती म्हणाली. नव्या बोल्टांसह ती पुन्हा बसविली गेली, आणि आमच्या घरांत एक नियम झाला: निघण्यापूर्वीं पेटी ताणकांट्याला अडकवावयाची, आणि आंकडा तिनें वाचावयाचा. आंबे आतां एस्. टी. नें येतात. सासूबाईंना प्रथम थोडें वाईट वाटलें. पण कारण कळल्यावर त्यांनीं मला नव्हे, आपल्या मुलीला शाबासकी दिली.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही पुन्हा त्याच वाटेनें निघालों. पेटींत दोन रेनकोट, पाण्याची बाटली, तिचें औषध, हवा भरावयाचा लहान पंप, आणि माझें एक जाडजूड पुस्तक. चिठ्ठीवरचा आंकडा आंतल्या सामानाचा, म्हणून पेटीचें वजन वजा करून ती म्हणाली, "चार किलो आठशें." नियमाप्रमाणें ठीकच होतें. तिनें क्षणभर पेटींत पाहिलें आणि म्हणाली, "घाटांत थंडी असेल. पुस्तक काढलं तर माझी शाल मावेल."

मीं पुस्तक काढलें.