डॉक्टर, जरा पाय मुरगळलाय

लोणावळ्यात मे महिन्याचा शेवटचा आठवडा लागला की माझ्या दवाखान्यातली गर्दी बदलते. सर्दी-तापाची पाळी अजून यायची असते. त्याआधी येतात ते छपरावरून उतरलेले लोक. काही शिडीने उतरलेले, काही शिडीशिवाय. आपल्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तुंगार्लीपासून कार्ला-कामशेतपर्यंत प्रत्येकाला तो यायच्या आत छपराचं काहीतरी उरकायचं असतं. कुणाला पत्र्याच्या भोकात डांबर भरायचं असतं, कुणाला ताडपत्री बांधायची असते, कुणाला पन्हळीतला पालापाचोळा काढायचा असतो. रोजचे कारागीर या दिवसांत मिळत नाहीत. मग घरातला हौशी माणूस शिडी काढतो.

तो हौशी माणूस तुम्ही ओळखता. त्याच्याकडे ड्रिल मशीन असतं, पान्ह्यांचा पूर्ण सेट असतो आणि "एवढ्यासाठी माणूस कशाला बोलवायचा?" हे वाक्य असतं. मी त्याला फार चांगला ओळखतो, कारण तो मीच आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात, एका रविवारी सकाळी, मी ॲल्युमिनियमची शिडी मागच्या अंगणातल्या लादीवर टेकवली. लादीवर जुन्या शेवाळाचा हिरवा थर होता. वाळलेला आहे, काही होत नाही, असं मी ठरवलं. शिडीचा उतारही फार पसरट होता. नियम मला माहीत होता: शिडी वर चार मीटरवर टेकत असेल, तर तिचे पाय भिंतीपासून एक मीटर दूर हवेत. त्याहून जास्त दूर ठेवले की पाय मागे सरकतात. त्याहून जवळ ठेवले की शिडी तुमच्यासकट मागे उलटते. पन्हळ साफ झाली होती, फक्त कोपऱ्यातला एक पुंजका उरला होता. उतरून शिडी दोन फूट सरकवायची एवढंच काम. मी त्याऐवजी हात लांबवला.

अडीच मीटरवरून माणूस थेट खाली आला तर जेमतेम पाऊण सेकंद लागतो आणि जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी २५ किलोमीटर असतो. एवढ्या वेळात काही सुचत नाही. मी उभाच्या उभा टाचांवर आपटलो.

बायको धावत आली तेव्हा मी लादीवर बसलो होतो आणि शिडी आडवी पडली होती. "पायरी चुकली, शेवटचीच होती," मी म्हणालो. पाय मुरगळलाय, बर्फ लावतो, उद्या बरा होईल. दोन दिवस मी सूज आलेल्या पायावर पट्टी गुंडाळून, लंगडत पेशंट तपासले. विचारणाऱ्या प्रत्येकाला तेच उत्तर: जरा पाय मुरगळलाय.

तिसऱ्या दिवशी पावलाच्या तळव्यावर निळा-जांभळा डाग उतरला. टाचेचं हाड मोडल्याची ती मोठी खूण. मी हाडांच्या डॉक्टर मित्राकडे गेलो. एक्स-रे बघून त्याने मला पायाबद्दल काहीच विचारलं नाही. त्याने विचारलं, "अरे, खरं सांग. किती उंचावरून?"

हा प्रश्न त्याने का विचारला, ते समजून घ्या. टाचेचं हाड आतून स्पंजासारखं असतं, बाहेर पातळ कवच. नुसता पाय मुरगळून ते असं चुरत नाही. त्यासाठी उंचावरून आपटावं लागतं. आणि तो धक्का टाचेत थांबत नाही. नडगी, गुडघा, खुबा असं करत तो कमरेच्या मणक्यापर्यंत चढतो. उंचावरून पडून टाच मोडलेल्या साधारण दहातल्या एका पेशंटचा मणकाही मोडलेला असतो. टाच इतकी ठणकत असते की कमरेकडे लक्षच जात नाही. माझंही गेलं नव्हतं. त्याने पाठीवर मधोमध बोटाने दाबत आणलं आणि एका जागी मी ओरडलो. पहिला कटिमणका दबला होता. मज्जारज्जूला धक्का नव्हता म्हणून पट्टा आणि विश्रांतीवर भागलं. पण त्या दोन दिवसांत मी जिने चढलो होतो, औषधांची खोकी उचलली होती. "मुरगळला" हा एक शब्द मला व्हीलचेअरवर बसवू शकला असता.

म्हणून पडलेल्या माणसाबद्दल एक सांगतो, ते नीट वाचा. कुणी उंचावरून पडलं आणि मान किंवा पाठ दुखते म्हणालं, हातापायाला मुंग्या आहेत म्हणालं, किंवा धड बोलतच नसेल, तर त्याला बगलेत हात घालून उभं करू नका. दोघांच्या मध्ये मोटारसायकलवर बसवून आणू नका. आमच्याकडे मावळातल्या आडगावांतून असे पेशंट येतात. आणणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण मोडका मणका त्या खड्ड्यांत सरकतो. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत त्याला आहे तसा राहू द्या. हलवावंच लागलं, तर डोकं, मान आणि धड एका रेषेत धरून चार जणांनी फळीवर घ्या. आणि घरातल्या आजोबांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि डोकं आपटलं असेल, तर ते चहा पीत, हसत बसले असले तरी त्याच दिवशी दाखवा. डोक्यातला रक्तस्राव कधी कधी सावकाश साचतो. महिन्याभराने आजोबांचा तोल जायला लागतो, तेव्हा ती शिडी कुणाच्याच लक्षात नसते.

आता दुसरा हौशी माणूस. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

ऑगस्टमधला रविवार, धो-धो पाऊस. मी तोवर काठी घेऊन चालायला लागलो होतो. पवना धरणाकडच्या एका बंगल्यावर सहलीला आलेलं कुटुंब विशीतल्या मुलाला घेऊन आलं. उजवी मांडी भाजलेली, त्यावर टूथपेस्ट थापलेली. वडील सांगत होते, खिशात मोबाईल फुटला. मुलगा मान हलवत होता. आणि त्याच्या डाव्या हातात मोबाईल होता, काचेला चरासुद्धा नसलेला.

मी वडिलांना केसपेपर काढायला बाहेर पाठवलं. "मोबाईल तर चांगला आहे," मी म्हणालो. तो गप्प राहिला. मग मी माझी काठी दाखवली. "हे कशामुळे, तर मी सगळ्यांना सांगतो पाय मुरगळला. खरं म्हणजे शिडीवरून पडलो. आता तू सांग."

व्हेप होतं. तेही बाजारातलं तयार नाही, त्याने स्वतः जुळवलेलं. दुखत असतानाही सांगताना त्याचे डोळे चमकले. कॉइल स्वतः गुंडाळतो, तार किती जाडीची, वेढे किती, धूर किती दाट. खरं सांगतो, मला कौतुक वाटलं. याच वयात मी रेडिओ उघडायचो. पण रेडिओ असा खिशात पेटत नव्हता.

अशा उपकरणात बहुधा १८६५० नावाची लिथियम-आयन बॅटरी असते, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. पूर्ण भरली की ४.२ व्होल्ट. दाट धुराच्या हौसेपायी कॉइलचा रोध ०.१ ओहमपर्यंत खाली आणला, तर शाळेतल्या ओहमच्या नियमाने ४२ अँपिअर वीज खेचली जाते. चांगल्यातली बॅटरीसुद्धा बहुधा २०-३० अँपिअर सतत देण्यासाठी बनलेली असते. त्यात वीज तोडणारं सर्किट हौशी लोक काढून टाकतात. बॅटरी आतून तापते, त्या उष्णतेने आतली रसायनं आणखी उष्णता सोडतात, आणि एका टप्प्यानंतर ती प्रक्रिया बाहेरून थांबवता येत नाही.

त्याच्या बाबतीत तर उपकरण वापरातही नव्हतं. जादा बॅटरी सुटी खिशात होती, बंगल्याच्या किल्ल्यांसोबत. या बॅटरीचं वरचं टोक धन असतं आणि बाकीचा सगळा डबा, थेट वरच्या कडेपर्यंत, ऋण. दोन्हींच्या मध्ये कागदासारखं पातळ प्लॅस्टिक. ते कडेला फाटलं आणि किल्ली आडवी टेकली की झालं. सुटी बॅटरी प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवायची, ती याचसाठी.

त्याने खरं सांगितल्याने माझं काम लगेच बदललं. मोबाईल असो की व्हेप, बॅटरी फुटली की आगीबरोबर तिच्यातली रसायनंही अंगावर येतात. पण बॅटरी सुटी आणि उघडी होती, डबा मांडीवरच फाटला होता, म्हणून मी टूथपेस्ट काढून जखमेवर लाल लिटमस कागद टेकवला. तो निळा झाला. क्षार कातडीत खोल खोल मुरत जातो, आणि आग विझली तरी त्याचं काम चालूच असतं. काळे तुकडे चिमट्याने काढले आणि कागद निळा व्हायचा थांबेपर्यंत पाण्याने धूत राहिलो. तुमच्या घरी असं घडलं तर कपडे लगेच काढा, तुकडे झटका, वाहत्या साध्या पाण्याखाली किमान २० मिनिटं धरा. बर्फ, हळद, तूप, शाई, टूथपेस्ट काही नको. आणि येताना सांगा की बॅटरी होती.

धुता धुता मी विचारलं, "त्यातलं द्रव कुठंय?"

त्याचा चेहरा उतरला. बाटली बंगल्यावर राहिली होती, त्याच्या खोलीत गादीशेजारी जमिनीवर, आंब्याच्या वासाची. बंगल्यावर त्याची बहीण होती आणि तिची दोन वर्षांची मुलगी.

त्याने फोन लावला. बहिणीला काय सांगायचं, यावर तो अडखळला, मग सगळंच सांगून टाकलं. बाटली सापडली. झाकण अर्धवट लावलेलं होतं. मुलगी शेजारच्या खोलीत झोपली होती.

या द्रवातलं निकोटीन गोड वासामागे लपलेलं असतं. लहान मुलाच्या पोटात एखाद-दुसरा घोट गेला तरी जिवावर बेतू शकतं. सांडलेलं कातडीतूनही शोषलं जातं. आधी उलट्या, लाळ, घाम, मूल पांढरं पडणं, मग झटके आणि श्वास मंदावणं. मुलाने प्यायल्याचा संशय आला तर उलटी काढायच्या मागे लागू नका. अंगावरचं साबणाने धुवा आणि बाटलीसकट दवाखाना गाठा.

लोक का लपवतात ते मला कळतं. इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर आपल्याकडे २०१९ पासून बंदी आहे. सप्टेंबरात अध्यादेश आला आणि डिसेंबरात कायदा. उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक, जाहिरात सगळं त्यात आलं. भाजलेल्या पेशंटची नोंद मोठ्या रुग्णालयात पोलिसांसाठीही होऊ शकते, हे मी त्याला आधीच सांगितलं. पण मी तपासायला बसतो तो डॉक्टर म्हणून. माझा प्रश्न एवढाच असतो की अंगावर काय पडलं आणि छातीत काय गेलं. अमेरिकेत २०१९ साली व्हेप ओढणारी तरुण मुलं धाप लागून रुग्णालयात येऊ लागली, तेव्हा सुरुवातीला तो न्यूमोनियासारखाच दिसत होता. काय ओढता हे खोदून विचारल्यावर धागा जुळला. बहुतेकांच्या द्रवात गांजाचा अंश होता, आणि फुफ्फुसात ई जीवनसत्त्वाचं एक तेलकट संयुग सापडलं. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले होते, ६८ दगावले. प्रतिजैविकं देऊन ते बरे होणारे नव्हते.

मुलाला मी पुण्याला भाजलेल्यांच्या विभागात पाठवलं. वडिलांना मी काही सांगितलं नाही. तो सज्ञान आहे, सांगायचं की नाही हे त्याने ठरवायचं होतं.

तीन आठवड्यांनी तो ड्रेसिंगला आला, वडिलांबरोबरच. त्यांनी सगळं ऐकलेलं दिसत होतं, खुर्चीवर बसल्या बसल्या म्हणाले, "डॉक्टर, घरी शोधल्यावर आणखी चार बॅटऱ्या निघाल्या. त्यांचं काय करायचं?" मी सांगितलं, टोकांना चिकटपट्टी लावा, कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. निघताना ते माझ्या काठीकडे बघून थांबले.

"तुमच्या पायाला काय झालं? त्या दिवशी विचारायचं राहून गेलं."

बाहेर बाकावर सातआठ पेशंट होते, दार उघडं होतं. मुलगा माझ्याकडे बघत होता.

"शिडीवरून पडलो," मी म्हणालो. "शेवाळ होतं, तरी चढलो."

बाकावरून कुणीतरी विचारलं, "कुठल्या कंपनीची शिडी होती, डॉक्टर?"