मागची सीट

मोटारीची परीक्षा कोणत्या जागी बसून करावी, याविषयी शास्त्रकारांनी काही सांगून ठेवलेले नाही. ज्याच्या हाती चाक तोच परीक्षक, अशी एक समजूत मात्र सगळीकडे रूढ आहे. मला ती कधीच पटलेली नाही. भाजीत मीठ किती पडले हे जेवणाऱ्याने सांगायचे असते, करणाऱ्याने नव्हे. कादंबरी कशी झाली हे वाचकाला विचारावे. लेखकाला विचारले तर तो उत्तमच म्हणणार. मग मोटारीचाच न्याय तेवढा चालवणाऱ्याच्या हाती का द्यावा? "तुम्हाला मोटार चालवता येत नाही, म्हणून तुम्हाला हा प्रश्न सुचतो, गुरुजी," असे आमचे दाजी म्हणतात. असेलही तसे. पण ज्याला पोहता येत नाही त्याने पाणी गार आहे म्हटले, तर ते पाणी काही ऊन होत नाही!

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, त्यांचा लहानसा कारखाना आहे. दर भाऊबीजेला ते ताईला घेऊन आमच्या फर्दापूरला येतात आणि येताना मोटारीविषयीचे काहीतरी नवे मत घेऊन येतात. 2010 च्या ऑक्टोबरात त्यांच्या शहरातल्या धनिकांनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या होत्या. देशभरच्या वर्तमानपत्रांत त्याचे फोटो झळकले. दाजींना त्या मेळ्यात सामील होण्याचा मोह झाला होता. पण हिशेबी माणूस! ते म्हणाले, "मर्सिडीज पुण्याकडची. आपल्या शेंद्र्याला जी गाडी जोडतात ती घेतली, तर गावचे पैसे गावात राहतील." त्यांनी घेतली ती स्कोडा सुपर्ब. गावचे पैसे गावात किती राहिले हे अर्थशास्त्री जाणोत. पण गाडी आमच्या अंगणात आली, आणि मागच्या सीटवर बसून विचार करण्याची माझी सोय झाली.

या गाडीचे घराणे मला फार आवडते, कारण त्याची सुरुवात एका भाषेच्या भांडणातून झाली. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, व्हाक्लाव क्लेमेंट नावाचा एक पुस्तकविक्रेता होता. त्याची जर्मन बनावटीची सायकल बिघडली. त्याने कंपनीला आपल्या मायबोलीत, चेक भाषेत, तक्रारीचे पत्र लिहिले. उत्तर आले ते असे, की आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा. दुसऱ्या कुणी मुकाट्याने जर्मनमध्ये पत्र लिहून दिले असते. या गृहस्थाने लॉरिन नावाच्या एका कारागिराला हाताशी धरले आणि 1895 साली स्वतःच सायकली बनवायला सुरुवात केली. पुढे मोटारसायकली झाल्या, 1905 साली मोटारी झाल्या, आणि 1925 साली तो धंदा स्कोडा या बड्या कारखान्यात विलीन झाला. सुपर्बच्या सर्वांत महागड्या प्रकाराला आजही त्या दोघांचीच नावे देतात. मराठी शिकवणाऱ्या माणसाला यापेक्षा अधिक काय हवे? पुढच्या पिढ्यांना आता इंग्रजीच हवी, असे कुणी मला ऐकवले, की मी त्याला या पुस्तकवाल्याची गोष्ट सांगतो.

'सुपर्ब' हे नावही जुने आहे. 1934 साली ते पहिल्यांदा एका मोठ्या गाडीला दिले गेले. मध्यंतरी विसरले गेले आणि 2001 साली पुन्हा उकरून काढले. त्याच वर्षी शेंद्र्याला स्कोडाच्या गाड्या जोडायला सुरुवात झाली. लॅटिन भाषेत या शब्दाचे मूळ 'गर्विष्ठ' या अर्थाशी जाऊन भिडते. पण दाजींच्या पहिल्या गाडीत गर्व नव्हता. होता तो एक प्रकारचा घरंदाजपणा. तोंडवळा थोडा थोराड, पाठ गोल, आणि मागे पाय पसरायला एवढी ऐसपैस जागा की आमच्या आईने पहिल्याच दिवशी तिथे मांडी घालून लसूण सोलला. शिवाय मागच्या दारात, दाराच्या जाडीतच, एक छत्री लपवलेली! बटण दाबले की ती बाहेर सरकायची. ओली छत्री परत ठेवली तर पाणी निथळून जायचीही सोय होती. गाडीच्या एंजिनाची ताकद किती हे आमच्या गल्लीत कुणीही विचारले नाही. छत्री मात्र सगळ्यांनी पाहिली.

नंतर 2016 साली या गाडीची नवी आवृत्ती आपल्याकडे आली आणि पुढच्याच वर्षी दाजींनी जुनी देऊन ती घेतली. आम्हा लेखकांच्या भाषेत बोलायचे तर 'सुधारून वाढवलेली आवृत्ती'. आणि खरोखरच वाढवलेली. दोन चाकांमधले अंतर 2761 मिलिमीटर होते, ते 2841 झाले. आठ सेंटिमीटर म्हणजे चार बोटे. चार बोटे ही काही फार मोठी गोष्ट नव्हे असे ज्याला वाटते, त्याने फर्दापूरहून जळगावपर्यंत भरलेल्या एसटीत उभे राहून जावे. चार बोटे जागेसाठी माणसे जन्माची वैरी होतात! एवढी वाढूनही नवी गाडी वजनाने मात्र हलकी झाली होती. वाढवताना हलके करणे ही कला मला माझ्या एकाही कादंबरीत साधलेली नाही, म्हणून तिचे कौतुक मला जरा जास्तच वाटते.

रूपही पालटले. स्लोव्हाक चित्रकार योझेफ काबान याच्या हाताखाली तिची नवी आखणी झाली. थोराडपणा गेला, अंगावर धारदार रेषा आल्या. त्यांच्या देशातल्या पैलू पाडलेल्या काचेच्या भांड्यांवरून त्या सुचल्या, असे सांगतात. सकाळच्या उन्हात गाडी दारापुढे उभी असली की त्या रेषांवरून प्रकाश खरोखर पाण्यासारखा ओघळतो. सामान ठेवायची जागा 625 लिटर. ताईच्या फराळाचे डबे, दोन गाद्या आणि परत जाताना आमच्याकडचे ज्वारीचे पोते त्यात सुखाने मावते. मागे बसणाऱ्याला आपल्यापुरती गार-गरम हवा ठरवता येते. छत्र्या एकीच्या दोन झाल्या.

पण वाचकहो, सुधारून वाढवलेल्या आवृत्तीत काहीतरी हरवते, हा पुस्तकांचा नियम मोटारींनाही लागू आहे. त्या दोन छत्र्या मागच्या दारातून निघून पुढच्या दारांत गेल्या. म्हणजे पावसात उतरताना मागच्या माणसाने पुढच्याला विनवायचे, की बाबा रे, छत्री दे! जुन्या गाडीचे मागचे झाकण दोन तऱ्हांनी उघडायचे: लहान सामानाला नुसती फळी, मोठ्याला काचेसकट सगळे. ते गारूड नव्या गाडीतून काढून टाकले. आता नेहमी सगळेच उघडते. बहुधा कारागिरांनी हिशेब केला असेल, की एवढ्या खटाटोपाचा उपयोग कितीजण करतात? हिशेब बरोबरच असणार. पण आवृत्ती सुधारताना लेखक नेमका तोच परिच्छेद गाळतो, ज्याला वाचकाने पेन्सिलीने खूण केलेली असते.

आणखी एक. मागच्या सीटवर दोघे बसले तर ते राजे. तिसरा आला की तो मांडलिक. खालून एक उंचवटा मधोमध जातो, आणि मधल्या माणसाला दोन पाय दोन संस्थानांत ठेवून बसावे लागते. चारही चाकांना ताकद देणारा प्रकार याच सांगाड्यावर काढतात, त्याच्या दांड्याला वाट हवी, म्हणून तो उंचवटा. ज्याला चारही चाकांचे सुख नको त्यालाही त्याचे दुःख भोगावे लागते.

मात्र सर्वांत मोठा उणेपणा आमच्या आईने काढला, आणि तो या एका गाडीचा नव्हे, साऱ्या सेडान जातीचाच आहे. दोन वर्षांपूर्वी आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी संभाजीनगरच्या खेपा सुरू झाल्या. शंभरावर किलोमीटरचा रस्ता: अजिंठ्याचा घाट, गोळेगाव, सिल्लोड, फुलंब्री. तेव्हा तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. गाडीत शिरताना तिला वाकावे लागे, वळावे लागे आणि मग स्वतःला खाली सोडून द्यावे लागे. एकदा बसली की मग मात्र सिल्लोड कधी आले हे कळत नसे. पोटातले पाणी हलत नसे. उतरताना पुन्हा तो सोहळा! मी एका हाताला, ताई दुसऱ्या हाताला, दाजी दार धरून उभे. दाजींनी मोठ्या उमेदीने विचारले, "मामी, कशी वाटली गाडी?" आई म्हणाली, "गाडी लई गुणाची, जावईबापू. पण ती खाली बसवती, वर उठवत न्हाई."

एवढ्या मोजक्या शब्दांत मी आजवर मोटारीचे परीक्षण वाचलेले नाही. गाड्यांच्या बाजारात गेल्या दहा-पंधरा वर्षांत जे घडले त्याचे अर्धे कारण या एका वाक्यात आहे. लोक उंच गाड्यांकडे वळले. कारण नुसता डौल नव्हे. उंच गाडीत माणूस शिरतो आणि बसतो, सेडानमध्ये माणूस उतरतो आणि बसतो. शिवाय आपले रस्ते! संभाजीनगर-जळगाव रस्त्याचे रुंदीकरण निघाले तेव्हा, 2019 च्या सुमाराला, तो असा उखणून पडला होता की लेण्या पाहायला येणारे परदेशी पाहुणेही वाट चुकवू लागले. पोटाने जमिनीला धरून चालणारी, लांब अंगाची गाडी अशा रस्त्यावर म्हणजे काटवनात पैठणी नेसून जाणे. उंच गतिरोधक दिसला की दाजी श्वास रोखून धरीत. जणू त्यामुळे गाडीचे पोट दोन बोटे वर जाणार होते!

माझा एक जुना विद्यार्थी शेंद्र्याला गाड्या जोडायच्या कामावर आहे. शाळेत गणितात कच्चा, पण हाताचा नेमका. परदेशातून पेट्यांत भरून सुटे भाग येत आणि इथे त्यांची गाडी होई, हे त्यानेच मला समजावून सांगितले. सुपर्बच्या मागच्या सीटा बसवण्याचे काम त्याने काही वर्षे केले. एका भाऊबीजेला तो मला भेटायला आला, तेव्हा दाजींची गाडी अंगणात उभी होती. तो आमच्याशी बोलत होता, पण लक्ष सगळे गाडीकडे. शेवटी त्याने विचारले, "सर, जरा हात लावून बघू?" दार उघडून त्याने सीटच्या कडेवरून बोटे फिरवली, एका कोपऱ्यावर तळवा दाबला आणि म्हणाला, "आमच्याच हातची." दाजी म्हणाले, "बस की मग आत." तो संकोचला. इतक्या गाड्यांच्या सीटा त्याने बसवल्या होत्या. चालत्या गाडीत त्यांच्यावर तो एकदाही बसला नव्हता. दाजींनी त्याला टी पॉइंटपर्यंत फिरवून आणले. परत आल्यावर तो एवढेच म्हणाला, "आवाज येत नाही, सर. चांगली बसलीय."

2023 साली नियम बदलले आणि सुपर्बची जोडणी शेंद्र्याला थांबली. पुढच्या वर्षी एप्रिलात ती परत विक्रीला आली. पण परदेशातून तयार होऊन, मोजून शंभर, एकेकीची किंमत 54 लाखांच्या घरात. गाडी तीच, फक्त तिच्यावर आमच्याकडच्या कुणाचा तळवा फिरला नव्हता. कारखाना चालू आहे. माझा विद्यार्थी आता उंच गाड्या जोडतो. आमच्या आईच्या दृष्टीने ही बढतीच म्हटली पाहिजे.

आणि गाडी कितीही मोठी असो, अजिंठ्याच्या लेण्यांपाशी तिची सद्दी आमच्या फर्दापूरच्या टी पॉइंटवर संपते. धुराने चित्रे खराब होऊ नयेत म्हणून खाजगी वाहने तिथेच ठेवायची आणि पुढचे चारेक किलोमीटर महामंडळाच्या बसने जायचे. चोपन्न लाखांचा धनी आणि सायकलवाला एकाच रांगेत तिकीट काढतात. ही रांग बघायला मला फार आवडते. सतराव्या लेण्यात विश्वंतर राजपुत्राची कथा रंगवली आहे. तो बायको-मुलांसह रथात बसून नगर सोडून निघतो. वाटेत कुणी घोडे मागतो, तो घोडे देतो. कुणी रथ मागतो, तो रथही देतो, आणि लेकरांना अंगावर घेऊन पायी चालू लागतो. दीड हजार वर्षांपूर्वीचा तोही एक सुखसोयींचा रथच होता. मुलांना मी ते चित्र दाखवतो तेव्हा एखादा हमखास विचारतो, "सर, रथ देऊन टाकल्यावर त्याला वाईट नसेल वाटलं?" मी म्हणतो, "रथाचं नसेल वाटलं. मुलांच्या पायांचं वाटलं असेल."

म्हणून कुणी मला विचारलेच, की ही गाडी घ्यावी की ती, तर मी एंजिनाची ताकद सांगत नाही. मला ती कळतही नाही. दुकानात जाताना घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बरोबर घेऊन जा, एवढेच मी सांगतो. त्याला मागच्या सीटवर बसवा. बसू द्या निवांत. विक्रेत्याने दिलेला चहा पिऊ द्या. आणि मग, कुणीही हात न देता, उठायला सांगा.