तांदूळ दिसू दे

कर्जत हे नाव लिहायला सोपं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या वर्गात येऊन बसावं. तीन अक्षरं, पण मधल्या ज वर रफार. मोबाइलवरच्या एखाद्या साध्या व्हिडिओ एडिटिंग अॅपमध्ये हे नाव टाकलं, की रफार वर चढायला तयार होत नाही. पाय मोडलेला र क आणि ज यांच्या मध्ये उभा राहतो. जुन्या फोटोशॉपची मूळ सेटिंग तशीच ठेवली असेल तर तिथेही हेच. म्हणून पहिल्या आठवड्यात मी मुलांना आपल्याच लाइनवरची स्टेशनं लिहायला देते. नेरळ, पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली ही सगळी सुखरूप पार पडतात. गाडी अडकते ती भिवपुरी आणि कर्जतला, कारण भिवपुरीची वेलांटी भ च्या आधी यायची ती नंतर येऊन बसते.

मुलं हसतात. मग कुणीतरी फोन काढून नाक्यावरच्या फ्लेक्सचा फोटो दाखवतं. वाढदिवस, दहीहंडी, एन. ए. प्लॉट, फार्महाउस, कर्जत चार फाट्यापासून खोपोलीपर्यंत रस्ता वाचत गेलात तर मोडलेले रफार आणि भरकटलेल्या वेलांट्या वेचता येतील. यात फ्लेक्सवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही. मजकूर त्याच्याकडे व्हॉट्सअॅपवर युनिकोडमध्ये येतो आणि दुकानातली कोरलड्रॉची फाइल वर्षानुवर्षं श्रीलिपीवर चालत आलेली असते. दोन्हींचं आपसात जमत नाही. फ्लेक्स दुपारपर्यंत चौकात लागायला हवा, भाऊंचा माणूस काउंटरवर उभा. अशा वेळी जे उमटलं ते छापलं जातं.

या धड्याला जोडून मी दोन नावं सांगते. र. कृ. जोशी पवईच्या आयआयटीत, आयडीसी या डिझाइन विभागात शिकवायचे आणि विंडोजमध्ये येणारा 'मंगल' हा फॉन्ट त्यांच्या हातचा आहे. पोरं कॅनव्हावर डोळे मिटून निवडतात ते 'मुक्त' आणि 'बलू' मुंबईच्या 'एक टाइप'ने काढलेत. अक्षरं कुणीतरी बसून काढतं, तो कुणीतरी मराठीही असू शकतो, ही बातमी बहुतेकांना नवीन असते. त्यांना वाटत असतं की फॉन्ट फोनबरोबर येतात, चार्जरसारखे.

मी तासिका तत्त्वावर शिकवते. विषय माध्यम आणि डिझाइन. ज्याला पूर्वी सगळे बीएमएम म्हणत तो अभ्यासक्रम आता बीएएमएमसी झाला आहे. नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून 'कौशल्य' हा शब्द प्रत्येक कागदावर आहे, त्यामुळे आर्ट्स-कॉमर्सची मुलंही पोस्टर आणि व्हिडिओ शिकायला येऊन बसतात. तिकडे जामरुंगला विजयभूमी विद्यापीठ उभं राहिलंय, तिथे डिझाइनचं स्वतंत्र शिक्षण आहे. माझ्या वर्गातली मुलं मात्र केळवली-डोळवलीहून येणारी, एक लोकल चुकली तर पहिले दोन तास बुडणारी. आवणीच्या दिवसांत निम्मा वर्ग शेतात असतो आणि मी त्याबद्दल कुणाला बोलत नाही. लॅब आहे, पण लाइट गेली की सगळं ठप्प. खरी लॅब म्हणजे प्रत्येकाच्या हातातला, काचेला तडा गेलेला फोन.

शिकवताना एक गोष्ट मला सतत टोचायची. पोस्टर करायचं माझ्यासाठी, बघायचं मी, मार्क द्यायचे मी. परीक्षकाला काय आवडेल हे मुलांना महिनाभरात कळतं. आमच्या मॅडमना मोकळी जागा आवडते, दोनच रंग आवडतात, बस. मग तीस पोस्टरं मोकळ्या जागेची आणि दोन रंगांची. दिसायला नीटनेटकी, आणि कुणाच्याही उपयोगाची नाहीत.

वर्गात एक मुलगी होती, तिचे वडील सिनेमाच्या सेटवर मोल्डिंगचं काम करायचे. आमच्या भागात हे नवल नाही. नितीन देसाईंनी २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ उभारला तेव्हापासून इथले कितीतरी सुतार, रंगारी आणि हेल्पर त्या कामात शिरले. (सगळं जग त्याला कर्जतचा स्टुडिओ म्हणतं, पण तो चौकजवळ, खालापूर तालुक्यात आहे. खालापूरवाल्यांनी याबद्दल कुरकुर करणं सोडून दिलंय.) 'जोधा अकबर'साठी आग्र्याचा किल्ला इथेच उभा राहिला. देसाई मूळचे दापोलीचे, जे. जे.त शिकलेले, कला दिग्दर्शनाचे चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेले. २ ऑगस्ट २०२३ ला ते गेले, त्याच स्टुडिओत. त्या दिवशी कॉलेजात शिकवणं झालं नाही. ज्यांच्या घरातली माणसं तिथे कामाला होती ती मुलं फोनवर होती आणि बाकीची त्यांच्याभोवती.

मार्कांसाठी नसलेलं काम मुलांनी पाहावं म्हणून त्या मुलीच्या वडिलांना मी वर्गात बोलावलं. खुर्ची देऊ केली तर बसले नाहीत. येताना पोत्यात सामान आणलं होतं: प्लायचा तुकडा, प्लास्टर, काथ्या, भुसा, रंगाचे डबे. प्लायवर काथ्या घातलेल्या प्लास्टरचा थर दिला, ओला असतानाच करवतीच्या पात्याने दगडांच्या सांधी ओढल्या. एका सांधीची रेघ मुद्दाम चुकवली. म्हणाले, "सरळ आली की भिंत खोटी दिसते. गवंड्याचा हात हलतोच." मग एजिंग, म्हणजे भिंत जुनी करणं. पातळ तपकिरी रंग वरून ओघळू दिला आणि जिथे पावसाचं पाणी साचलं असतं तिथेच हिरवा लावला, सांधीच्या खालच्या कडेला. दुसऱ्या बाजूने प्लाय उघडाच.

एका मुलाने विचारलं, "काका, मागून का नाही करत?"

"कॅमेरा कुठे आहे? तिथून दिसतं तेवढंच करायचं. बाकीचं प्रोड्यूसरच्या पैशाचं."

मी जे तीन तासांत फळ्यावर समजावलं असतं, ते त्यांनी अर्ध्या तासात केलं. यूजीसीने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही सोय काढली. पदवीची अट नाही, आपल्या क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव हवा, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशी माणसं घेता येतात. कागदावर हे गृहस्थ त्यात चपखल बसतात, अनुभव पंधराच्या वर. पण नियमात शक्यतो वरिष्ठ पदावरचा माणूस हवा असंही आहे, आणि सेटवरच्या मोल्डिंगवाल्याला पद नसतं, रोजी असते. त्यांच्याकडे ना बायोडाटा ना नियुक्तिपत्र. ही सोय कंपन्यांतून निवृत्त झालेल्या साहेबांच्या कामी येईल, आमच्या काकांच्या नाही, असं माझं मत झालंय. त्यांच्या हातात आम्ही नारळ आणि शाल दिली. ते पोतं उचलून निघाले, भिंतीचा तुकडा मात्र लॅबमध्ये ठेवून गेले.

नंतर आम्ही कोंडाण्याच्या लेण्याला गेलो. कोंदिवडे गावातून रान चढून राजमाचीच्या पायथ्याशी. काकांची भिंत पाहिल्यावर मुलांना ते दर्शनी काम वाचता येत होतं. लाकडाचे सज्जे, कठडे, तुळयांची टोकं, सगळं दगडात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही एका मालाचं सोंग दुसऱ्या मालात घेणं चालूच होतं. चैत्यगृहाच्या डाव्या अंगाला एका भंगलेल्या मूर्तीच्या डोक्याजवळ ब्राह्मीत एक ओळ आहे. कण्हाचा शिष्य बलक, त्याने हे केलं, एवढंच ती सांगते. मुलं बराच वेळ वाद घालत बसली की कण्ह तेव्हा जिवंत असेल का, आणि त्याने काम पास केल्यावर ही ओळ कोरली की आधीच. एकाचं म्हणणं, आपण प्रोजेक्टवर 'मार्गदर्शक' म्हणून मॅडमचं नाव टाकतो तसंच हे. मी म्हटलं, मला दोन हजार वर्षं टिकणाऱ्या प्रोजेक्टवर टाका, माझी हरकत नाही.

इर्शाळवाडीचं लिहू की नको असं झालं होतं, पण ते वगळून आमच्याकडच्या माध्यम शिक्षणाबद्दल बोलता येत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालच्या ठाकरवाडीवर दरड आली. वर जायला रस्ता नाही, सगळं चिखलातून पायी. शोध २३ तारखेला थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. आसपासच्या गावांतली पोरं पाणी, बिस्किटं घेऊन चढली, त्यात आमचीही होती. एकाच्या फोनमध्ये क्लिप होती. ती टाकू का, असं त्याने वर्गात विचारलं.

'वृत्तपत्र कायदा आणि आचारसंहिता' यावर आमच्याकडे टिपा लिहायला येतात. मी पुस्तक उघडलं नाही. क्लिप आवाज बंद करून पाहिली आणि त्यात काय दिसतं ते एकेकाला लिहायला सांगितलं. पाऊस. टॉर्च. बसलेली बाई, चेहरा स्पष्ट. मागच्या बाकावर एक ठाकर समाजाची मुलगी असायची, एरवी हजेरीपुरतं बोलणारी. तिने विचारलं, "त्यांना विचारलंस?" तो म्हणाला, अशा वेळी कसं विचारणार. ती म्हणाली, "मग अशा वेळी काढलीस कशी?"

तो रागावला नाही. क्लिपचं त्याने पुढे काय केलं ते मी विचारलं नाही. पण तेव्हापासून माणूस दिसत असलेल्या प्रत्येक फोटोची ओळ आम्ही वर्गात मोठ्याने वाचतो, फोटोतला माणूस समोर बसून ऐकतोय असं धरून. पुष्कळ ओळी वाचता वाचताच बदलतात. मार्कांची वेळ येईपर्यंत काम तपासून झालेलं असतं.

काम ज्याच्यासाठी आहे त्यानेच ते तपासावं, या विचारातून पुढच्या वर्षी तांदळाचं काम घेतलं. एका मुलाची आई बचत गटात. गट घरचाच तांदूळ किलो-पाच किलोच्या पिशव्यांत भरून रस्त्यालगत विकतो. गिऱ्हाईक मुंबई-पुण्याच्या गाड्यांतलं. कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे आणि कर्जत-३, कर्जत-७ ही वाणांची नावं शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. तेव्हा पिशवीवर नाव टाकायला गावाबाहेर काही शोधायला नको होतं. वर्गाने गट पाडून लेबलं केली. सह्याद्रीची रेघ, भाताची लोंबी, उगवता सूर्य. एकीने सोनेरी अक्षरांत 'शुद्धतेचा वारसा' लिहिलं. रफार, वेलांट्या सगळं जागेवर. मात्रा वरच्या ओळीच्या उकाराला धडकू नयेत म्हणून ओळींतलं अंतरही वाढवलेलं. परीक्षक मी असते तर सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले असते.

गटाच्या अध्यक्षबाई आल्या. चष्मा लावून एकेक लेबल हातात घेतलं आणि भरलेल्या पिशवीवर धरून पाहिलं.

"छान काढलंय. पण यानं तांदूळ झाकला."

मुलं गप्प. त्यांनी पिशवीचं तोंड सोडून मूठभर तांदूळ तळहातावर पसरला. "गिऱ्हाईक हे करतं. कणी किती, खडा आहे का, बघतं. पिशवी बंद असली की बाहेरून बघतं. तुमचा डोंगर बघून कोण घेईल? तांदूळ दिसू दे."

मग त्यांनी विचारलं, "नवा की जुना, हे कुठं लिहिलंय?"

कुठेच नव्हतं. आम्ही वजन, पॅकिंगची तारीख, एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर, हिरवा ठिपका हे सगळं नियमाप्रमाणे टाकलं होतं. पण नवा तांदूळ चिकट होतो, जुना मोकळा, आणि गाडीची काच खाली करून माणूस पहिला प्रश्न विचारतो तो जुना आहे का हाच. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी भात पिकतो. प्रत्येकाला हे माहीत होतं. कॉम्प्युटरपुढे बसल्यावर कुणाला आठवलं नाही.

दुसऱ्या खेपेला लेबल निम्म्याहून लहान झालं आणि पिशवीच्या वरच्या पट्टीवर गेलं. डोंगर गेला. सूर्य गेला. लोंबी राहिली, अंगठ्याएवढी. सगळ्यात मोठं अक्षर वजनाचं, त्याखाली वाण, गाव, फोन नंबर. आणि दोन चौकोन: नवा, जुना. जो असेल त्यावर पेनाने खूण करायची.

अध्यक्षबाईंनी नमुन्याच्या स्टिकरवर पेन टेकवलं. चकचकीत लॅमिनेशनवर शाई धरेना, बोट लागलं की पुसली जायची. मुलाने लगेच प्रेसवाल्याला फोन लावला. साध्या, बिनचकाकीच्या कागदावर स्टिकर निघेल, दरही कमी पडेल, पण ओलाव्याने कडा उचलतील, असं त्याने सांगितलं. यावर वर्गात जुंपली. एकजण म्हणाला दोन वेगवेगळी लेबलं छापू. दुसरी म्हणाली, मग जुनी संपून नवी उरली की पैसे वाया. तिसऱ्याने रबरी शिक्का सुचवला.

"शिक्का मारायला कोण बसणार?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "माझ्याकडे सातजणी आहेत, त्यातल्या दोघींना वाचता येत नाही. नवा-जुना उलटा मारला तर गिऱ्हाईक परत येऊन भांडेल."

"मग शिक्क्याऐवजी रंग ठेवू," ती सोनेरी अक्षरांवाली मुलगी म्हणाली. "जुन्याला लाल दोरा, नव्याला हिरवा. पिशवी शिवताय ना तुम्ही? लेबलवर फक्त लिहायचं, लाल दोरा म्हणजे जुना."

बाईंनी पिशवीची शिवण चाचपून पाहिली. "दोरा आहे घरी," त्या म्हणाल्या, "पण हिरवा नाही, पिवळा आहे." मुलीने लॅपटॉप पुढे ओढला आणि हिरवा खोडून पिवळा लिहिलं.