घास

दा नांगमध्ये आमच्या हातात एक दुपार उरली होती. सकाळ पोरांनी समुद्रावर घालवली, संध्याकाळी होई आनचे कंदील बघायचे ठरलेले. मधल्या चार-पाच तासांत काय करायचं यावर हॉटेलच्या लॉबीत रीतसर मतदान झालं. माझ्या धाकट्या भावाला मी सोनला जायचं होतं. तिथे चाम राजांनी बांधलेली शंकराची विटांची देवळं आहेत, १९६९च्या अमेरिकन बाँबहल्ल्यात त्यांतली बरीच पडली, आणि आपलं पुरातत्त्व खातं २०१७पासून तिथे डागडुजी करतंय. २०२०मध्ये त्यांना तिथे नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं, हे त्याने मोबाइलवर सगळ्यांना दाखवलं. पण मी सोन लांब पडत होतं, आणि माझ्या भाचरांना उन्हात आणखी पडक्या भिंती बघायच्या नव्हत्या. मग हॉटेलातल्या मुलीने एक रंगीत कागद पुढे केला: दुपारची सहल, गाइडसह, ‘गुहेतली मंदिरं’. भाऊ म्हणाला, “लेणी म्हणजे आपण काय, रोजच बघतो.” हे अर्थातच खोटं होतं. आम्ही वेरूळला शेवटचे गेलो ते आईबाबांबरोबर, मी नववीत असताना.

पण तिथे गेल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही की त्या लेणी नव्हेत. लेणं कोरावं लागतं. कुणीतरी कड्याच्या माथ्यावर उभं राहून छिन्नीचा पहिला घाव घालावा लागतो आणि मग नातवंडांपर्यंत ते काम चालतं. इथे डोंगर आतून आपोआप पोकळ झालेले आहेत, पाण्याने. माणसांनी फक्त आत जाऊन उदबत्ती लावली.

दीड वाजता व्हॅन आली. गाइड पंचविशीतला एक काटकुळा मुलगा होता. त्याचं इंग्रजी आमच्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी अडखळायचं, त्यामुळे एकमेकांचं बरं चाललं. आधी त्याने सोन ट्रा टेकडीवर नेलं. तिथे समुद्राकडे तोंड करून सदुसष्ट मीटर उंच पांढरीशुभ्र क्वान आम उभी आहे, कोळ्यांची रखवालदार. ही क्वान आम म्हणजे आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेऊन मान किंचित कलती करून उभा असलेला तो देखणा पुरुष, चीनमार्गे इथे येईपर्यंत बाई झाला. भावजय म्हणाली, “बरोबरच आहे. ऐकून घ्यायचं काम शेवटी बाईकडेच येतं.”

तिथून दक्षिणेला संगमरवरी डोंगर. सपाट किनाऱ्यावर अचानक पाच सुळके वर आलेले. न्गुयेन घराण्याच्या मिन्ह मांग राजाने एकोणिसाव्या शतकात त्यांना पाच तत्त्वांची नावं दिली: धातू, पाणी, लाकूड, अग्नी, पृथ्वी. आपल्या पंचमहाभूतांतले वायू आणि आकाश त्यांच्या यादीत नाहीत, आणि आपल्याला धातू नि लाकूड यांचं तत्त्व म्हणून काही सुचलं नाही. बघायचा तो मुख्यतः पाण्याचा डोंगर, थुय सोन. पायथ्याच्या नोन नुओक गावात ओळीने दगडकाम करणाऱ्यांची दुकानं आहेत: सिंह, बुद्ध, येशू, नागव्या बायका, आणि एका दुकानात चक्क गणपती. या डोंगरांचा दगड फोडायला आता बंदी आहे. डोंगरच संपायला आले होते, म्हणून. आता दगड बाहेरून येतो, कारागिरी तेवढी गावाची. गाइडने आम्हाला यातल्या एका दुकानात अर्धा तास सोडलं. ही सहलीची अलिखित अट असते, तक्रार करण्यात अर्थ नाही. लाखांच्या नोटा मोजताना भाऊ क्षणभर फार श्रीमंत दिसत होता.

वर जायला पायऱ्या आहेत, आणि डोंगराला चिकटवल्यासारखी एक काचेची लिफ्टही आहे. मी लिफ्टचं तिकीट घेतलं. रांगेत उभं असताना, आई असती तर तिने लिफ्टला नकार दिला असता, असा विचार आला. गुडघे बोलत असताना ती पर्वतीच्या पायऱ्या बसून बसून चढलेली आहे. मी भावाकडे पाहिलं. तो लिफ्टच्या दोराकडे बघत होता. त्याच्याही मनात तेच आलं असेल, पण आईचा विषय आमच्यात नऊ महिने निघालेला नव्हता. निघायचा तो कागदांपुरता: वारसा प्रमाणपत्र, बँकेचं लॉकर, गॅसचं कनेक्शन.

हे कसं झालं ते सांगते. मागच्या जुलैत आईला स्ट्रोक आला. जीव वाचला, पण गिळणं गेलं. नाकातून नळी घातली आणि तिच्यातून दर दोन तासांनी पातळ पेज, डाळीचं पाणी, औषधांची पूड. अकरा दिवसांनी तिला घरी आणलं. डॉक्टरांनी दोघांनाही समोर बसवून बजावलं होतं, तोंडाने काही म्हणजे काही द्यायचं नाही, एक चमचा पाणीसुद्धा नाही. ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाईल आणि न्यूमोनिया होईल. आईला बोलता फारसं येत नव्हतं, पण दोन शब्द शाबूत राहिले होते. एक माझं नाव आणि दुसरा ‘चहा’. दिवसभर ती ते दोनच शब्द म्हणायची, कधी एकापाठोपाठ एक. मी ओल्या कापसाने तिचे ओठ पुसायची. ती तो कापूस ओठांत धरून ठेवायची, सोडायची नाही, आणि मला तो ओढून काढावा लागायचा.

घरी आणल्यावर आठव्या दिवशी भावाने तिला दोन चमचे चहा दिला. मी औषधं आणायला गेले होते. त्यानेच मला सांगितलं, लपवलं नाही. दोन दिवसांनी ताप आला. पुन्हा हॉस्पिटल, न्यूमोनिया, आणि नवव्या दिवशी संपलं. तिथल्या मधल्या कुठल्या तरी दिवशी, आयसीयूबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेलो असताना मी त्याला म्हणाले, “तू मारलंस तिला.” एकदाच म्हणाले. तो काही बोलला नाही.

दहाव्याला कावळा शिवेना. यावर माझा विश्वास नाही, त्याचाही नाही. पण घाटावर उन्हात तासभर उभं राहिल्यावर विश्वासाचं काही उरत नाही. नातेवाईक एकेक सुचवत होते, नातीच्या लग्नाचं बोला, घराचं बोला. एक मावशी म्हणाली, “अरे, तिला चहा ठेवा की कपभर, जन्मभर चहावर जगली ती.” भावाने माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे पाहिलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

तर, वर डोंगरावर. देवळं आहेत, मनोरा आहे, समुद्राचं दृश्य आहे, सगळं छान आहे. पण हुएन खोंग गुहेत शिरल्यावर पोरंसुद्धा गप्प झाली. अरुंद तोंडातून पायऱ्यांनी खाली उतरायचं, दाराशी चार राखणदार, आणि मग एकदम एखाद्या मोठ्या सभागृहाएवढी पोकळी. छताला भोकं आहेत, त्यांतून उजेड तिरका उतरतो आणि उदबत्त्यांच्या धुरात त्याचे खांब होतात. समोरच्या भिंतीत खूप उंचावर शाक्यमुनी बसलेला. अमेरिकेशी युद्ध चालू असताना या गुहेत व्हिएतकाँगचं इस्पितळ होतं. अमेरिकनांचा हेलिकॉप्टरतळ पायथ्याशीच होता आणि त्यांचे सैनिक पलीकडच्या पुळणीवर पोहायला यायचे. वरच्या बाजूला एवढा गोंगाट आणि आत कुणीतरी कंदिलाच्या उजेडात जखमा शिवतंय. छताची भोकं निसर्गाची की बाँबची, असं भाच्याने विचारलं. “दोन्ही सांगतात,” एवढंच गाइड म्हणाला. मग त्याने छतातून लोंबणारे दगडाचे दोन स्तन दाखवले. एकातून पाणी ठिबकतं, दुसरा कोरडा. म्हणे एका राजाने हात लावला, तेव्हापासून आटला. ही गोष्ट सांगताना तो लाजला.

सहलीचा शेवटचा थांबा पुन्हा पायथ्याशी होता. आम फू, म्हणजे यमलोकाची गुहा. वेगळं तिकीट. सहसा मी अशा जागांना नाक मुरडते, आणि इथेही तशी सोय भरपूर आहे: लाल-हिरवे दिवे, सिमेंटचे राक्षस, पाप्यांना करवतणारे, तराजूत घालून तोलणारे. लहानपणी जत्रेत कर्मफळाची चित्रं विकायला असायची, खोटं बोलणाऱ्याची जीभ उपटताहेत वगैरे, तेच हे, फक्त त्रिमितीत. इथल्या न्यायाधीशाला ज्येम वुओंग म्हणतात. म्हणजे यमराजच, चिनी उच्चारातून झिजत आलेला. भाचरं खूश होती. भाऊ मात्र एका कोपऱ्यात थांबला होता.

तिथे एक भिक्खू आणि त्याच्यासमोर एक हाडकलेली म्हातारी होती. गाइड आमच्याजवळ आला आणि म्हणाला, हा मुक किएन लिएन. नाव ओळखीचं वाटेना. “बुद्धाचा शिष्य, जादूची शक्ती असलेला,” तो म्हणाला, तेव्हा डोक्यात दिवा लागला: मोग्गलान! मौद्गल्यायन. ज्याच्या अस्थी सांचीला आहेत. पाली ग्रंथांत तो ऋद्धीमध्ये सर्वांत श्रेष्ठ. पण ही पुढची गोष्ट मी ऐकलेली नव्हती, ती तिकडे पूर्वेला वाढलेली.

मोग्गलानाने दिव्यदृष्टीने पाहिलं तर त्याची मेलेली आई भुकेल्या प्रेतांत होती. पोट खपाटीला, गळा सुईएवढा. तो भाताचा वाडगा घेऊन तिच्याकडे गेला. तिने एका हाताने वाडगा झाकला, दुसऱ्या हाताने घास उचलला, आणि तो तोंडापर्यंत जायच्या आत त्याचे निखारे झाले. सगळ्या जगात शक्तिमान म्हणवणारा मुलगा रडत बुद्धाकडे गेला. बुद्ध म्हणाला, हे तुझ्या एकट्याच्या हातचं नाही. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला सगळ्या संघाला जेवू घाल, सगळ्यांनी मिळून मागितलं तर सुटेल. म्हणून त्या पौर्णिमेला व्हिएतनाममध्ये वू लान असतो. बहुतेक वर्षी तो आपल्या नारळी पौर्णिमेच्या आसपास येतो. त्या दिवशी देवळात छातीला फूल लावतात. आई असेल त्याने लाल गुलाब, नसेल त्याने पांढरा. ही गुलाबाची पद्धत जुनी नाही, तिक न्यात हान्ह यांच्या १९६२च्या एका छोट्या लेखामुळे रुजली. गाइड म्हणाला, “मी अजून लाल लावतो.” आणि ओशाळून इकडेतिकडे बघायला लागला, जणू आमच्यापुढे श्रीमंती दाखवली.

“आमचं पांढरं,” भाऊ म्हणाला. नऊ महिन्यांत त्याने पहिल्यांदा ‘आमचं’ म्हटलं.

या गुहेतून वर जायला एक अरुंद, जवळजवळ उभा जिना आहे. नरकातून स्वर्गात. भाचरं धावत वर गेली, भावजय त्यांच्यामागे ओरडत. मी चौथ्या-पाचव्या पायरीवर धाप लागली म्हणून बसले. भाऊ खालच्या पायरीवर थांबला. दगड ओला आणि गार होता.

मी म्हणाले, “मीपण दिला होता.”

“काय?”

“चहा. तू द्यायच्या आदल्या रात्री. तीन वाजता. ती झोपत नव्हती.”

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं. बशीत गार करून, चमच्याच्या टोकाने, चार-पाच वेळा. तिने गिळला, ठसका लागला नाही, आणि तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. नळी असलेल्या माणसाला नुसत्या आपल्या लाळेनेही न्यूमोनिया होऊ शकतो, असं डॉक्टर पहिल्या दिवसापासून सांगत होते. त्यामुळे तो माझ्या चहाने झाला, की त्याच्या, की कुणाच्याच नाही, हे कधीच कळणार नव्हतं. मला तेव्हाही हे माहीत होतं. तरी त्या खुर्चीवर बसून मी ते वाक्य म्हणाले. कारण त्याने आपण होऊन सांगितलं होतं, आणि माझं कुणाला ठाऊक नव्हतं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. वरून माणसं उतरत होती, आम्हाला ओलांडून जाताना ‘सॉरी, सॉरी’ म्हणत होती. मला वाटलं, आता तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याचा हक्कच होता.

“साखर घातली होतीस?” त्याने विचारलं.

आईला वीस वर्षं मधुमेह होता.

“दीड चमचा.”

“मी नव्हती घातली,” तो म्हणाला. “तोंड वाकडं करत होती ती. मला वाटलं ठसका लागतोय, म्हणून थांबलो. दोनच चमचे झाले.” मग जरा वेळाने, “बिनसाखरेचा दिला गं मी तिला, ताई.”

वरून भाची ओरडली, बाबा, इथून आकाश दिसतंय, या ना लवकर. आणि खालून गाइड हात वर करून घड्याळ दाखवत होता, गुहा बंद व्हायची वेळ होत आली होती. भावाने मला उठवायला हात पुढे केला. वर जायचं की खाली, हे आमचं अजून ठरलं नव्हतं.