शिंग, तंतू आणि सरस
कोरियाचे पारंपरिक ‘गाक्गुंग’ हे प्रतिवक्र धनुष्य, म्हणजे ज्याची टोके तिरंदाजापासून दूर वळलेली असतात असे धनुष्य, दोरी उतरवताच उलट दिशेला जवळजवळ वर्तुळासारखे मिटते. त्याचा गाभा बांबूचा असून त्याला तुतीच्या लाकडाची टोके सांधलेली असतात. तिरंदाजाकडील बाजूस, जिला पोट म्हणतात, दाब सोसणारे म्हशीचे शिंग चिकटवतात, तर लक्ष्याकडील पाठीवर ताण पेलणारे गुरांच्या स्नायुबंधांचे तंतू सरसात भिजवून थराथराने बसवतात. हा सरस माशाच्या वायुकोशापासून करतात आणि तो दमटपणात सैल पडत असल्याने हे काम थंड, कोरड्या महिन्यांत चालते.

खरे कौशल्य मात्र चिकटवण्यापेक्षा तासण्यात आहे: दोन्ही बाहू सारखे वाकेपर्यंत कारागीर धनुष्य ताणून पाहतो, ताठ राहिलेला भाग हेरतो, थोडासा खरवडतो आणि पुन्हा ताणतो; हा संयम इतका कठोर आहे, की पाहणाऱ्याचे मन आदराने भरून यावे. दक्षिण कोरियाने १९७१ मध्ये धनुष्यबाण घडवण्याच्या या विद्येला महत्त्वाची अमूर्त सांस्कृतिक संपत्ती म्हणून मान्यता दिली, हे योग्यच झाले. तेथील पारंपरिक तिरंदाजीत लक्ष्य १४५ मीटरांवर असते आणि काचतंतूंची स्वस्त धनुष्ये सर्रास मिळत असूनही गाक्गुंग आजही तेथे ताणले जाते.