डावा हात

दातांच्या दवाखान्याला स्वतःचा एक वास असतो. जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच तो नाकाशी येतो आणि माझे तळहात घामेजतात. हा वास लवंगेचा, हे मला पन्नाशीत कळलं. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल झिंक ऑक्साइडच्या भुकटीत कालवून दाढेत तात्पुरतं सिमेंट भरतात. मसालेभात करताना जी लवंग मी डोळे मिटून हुंगते, तीच तिथं मला आठ वर्षांची करून टाकते.

आठव्या वर्षी, आमच्या तालुक्याच्या गावी, पट्ट्यावर चालणारं यंत्र माझ्या दाढेत फिरलं होतं. ते हळू फिरायचं, त्यामुळे पार कवटीपर्यंत हादरे जायचे. दुखतंय हे सांगायला मी हात वर नेला, तर कंपाउंडरनं मनगट धरून तो खुर्चीच्या दांडीवर दाबून ठेवला. दुखणं मी विसरले. मनगटावरची पकड विसरले नाही.

गेल्या पावसाळ्यात डाव्या बाजूच्या दाढेचं रूट कॅनाल झालं. ठणका गेला आणि कॅप मी आज-उद्या करत पुढं ढकलत राहिले. आतून पोखरलेली दाढ घास चावताना उभी चिरू शकते, मग ती काढावीच लागते, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून पाय उचलत नाही, तीच तर भीती. ‘एवढं काय त्यात!’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ते ऐकून माणूस धीट होत नाही, सांगायचं तेवढं बंद करतो.

शेवटी फोनवरच बोलून टाकलं, ‘मला फार भीती वाटते, जरा सावकाश घ्याल का?’ सकाळची पहिली वेळ मिळाली. दिवसभर घड्याळाकडे बघत बसायला लागलं नाही, हे फार बरं झालं.

डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची. तिनं खुर्ची लगेच आडवी केली नाही. मास्क खाली घेतला आणि समोर बसून म्हणाली, ‘काकू, डावा हात वर केलात की मी थांबणार. दुखायलाच हवं असं नाही. नुसतं थांबावंसं वाटलं तरी.’

आधी हिरडीवर बधिर करणारं जेल, मग सुई. सुईआधी तिनं सांगून ठेवलं, ‘छातीत धडधडेल. भुलेच्या औषधात थोडं ॲड्रेनलिन असतं, त्यानं होतं. दोन-चार मिनिटांत उतरेल.’ खरंच धडधडलं, आणि उतरलं. त्या खुर्चीतली ती पहिली धडधड, जी माझी नव्हती, औषधाची होती. ओठ जड झाला, गाल दुसऱ्याच कुणाचा झाला.

यंत्र सुरू झालं. हे हवेच्या दाबावर चालतं, मिनिटाला तीन लाखांच्या वर फेरे घेतं. असं यंत्र अमेरिकेत जॉन बॉर्डन यांनी १९५७ सालीच आणलं होतं. माझ्या लहानपणी ते आमच्या गावात असतं तर, असं अजून वाटतं. हादरा जवळजवळ नाही. बारीक शिट्टी, पाण्याचा गार फवारा. कॅपला जागा व्हावी म्हणून दाढ सगळीकडून एक-दोन मिलिमीटर घासतात. मी श्वास पोटात सोडत होते, पायाची बोटं एकेक करून ढिली करत होते.

मग मी डावा हात वर केला.

दुखत नव्हतं. खरंच थांबते का, ते बघायचं होतं. शिट्टी त्याच क्षणी बंद झाली. तिनं काही विचारलं नाही. थुंकी ओढणारी नळी बाजूला केली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. माझ्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं, ते मदतनीस मुलीनं कापसानं टिपलं. बऱ्याच वेळानं मीच मान हलवली. त्यानंतर हात वर करावासा वाटला नाही.

माप घेतलं, तात्पुरती कॅप बसली, तोंडात लवंग दरवळली.

दहा दिवसांनी खरी कॅप आली, शेजारच्या दाढेच्या रंगाची. दातांमध्ये निळा कागद धरून डॉक्टर म्हणाली, ‘चावा. आता घासा. कसं वाटतंय?’

‘जरा उंच लागतेय,’ मी म्हटलं.

तिनं ती काढली, निळा ठिपका उमटला होता तिथं घासली, पुन्हा बसवली. मी पुन्हा म्हटलं, ‘अजून लागतेय.’ तिनं पुन्हा काढली.